मनोहरजींच्या रजेचे दिवस

हिंदुराव साळुंखे विमा कंपनीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण दाव्यांची चौकशी करण्याची त्यांची सवय अजून नोकरीतच होती. भाजीवाल्याने कोथिंबीर संपली म्हटलं, तर ती किती वाजता संपली, सकाळी किती जुड्या आणल्या होत्या आणि शेवटची जुडी कोणाच्या घरी गेली, इथपर्यंत ते जात. जवाहर नगरातला तो भाजीवाला त्यांच्या फाटकापाशी आला की आरोळी गिळून गाडी पुढे ढकलायला शिकला होता.

साळुंखे मूळचे कराडकडचे. एकोणनव्वद साली बदली होऊन जयपूरला आले तेव्हा सगळ्यांना सांगून आले होते, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. त्याला आता अठरा वर्षं झाली होती. मुलगी वल्लरी तेव्हा आठ वर्षांची होती. तिचं मराठी आईकडून आलेलं आणि बाहेरच्या हिंदीत मुरलेलं. 'मी थकून गेली,' असं ती म्हणाली की तारामतीबाई 'गेले' एवढंच म्हणायच्या आणि पुढचं ऐकायच्या.

वल्लरी जगतपुऱ्यातल्या एका संस्थेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि विषय मात्र जंतूंचा होता. हे शेजारणींना समजावण्याचं काम तारामतीबाईंकडे असे. ती जंतूंवर उजेड टाकते, असं त्या सांगत, आणि ते अक्षरशः खरं होतं. एका थेंबात जिवंत जंतू घ्यायचे, त्यांवर हिरव्या लेसरचा किरण सोडायचा. बहुतेक उजेड जसा गेला तसाच परत येतो. कोट्यवधींत एखादा कण मात्र रंग किंचित बदलून येतो, आणि तो बदल सांगतो की तो जंतूच्या पोटात कुठल्या रेणूला धडकून आला. हे सगळं कागदावर डोंगररांगेसारखं उमटतं. डीएनएचा उंचवटा वेगळा, प्रथिनांचा वेगळा, चरबीचा वेगळा. औषधाने जंतू मरतो की नाही हे दवाखान्यांना रात्रभर वाढवून दुसऱ्या दिवशी कळतं. वल्लरीला तो मरत असताना आत काय काय होतं ते बघायचं होतं.

"मेल्यावर तर सगळेच भेटायला जातात," असं हिंदुराव म्हणाले होते. "ही आजारपणात जाते."

घरात या संशोधनाचा परिणाम एकाच ठिकाणी झाला होता, तो म्हणजे औषधांच्या पत्र्याच्या डब्यावर. हिंदुराव कुठलंही औषध दोन गोळ्यांनी बरं वाटलं की थांबवत आणि उरलेल्या गोळ्या त्या डब्यात जमा करत. डब्यावर आतल्या गोळ्यांची यादी चिकटवलेली होती, मुदतीच्या क्रमाने. कोणाचा घसा धरला की ते यादी बघून दोन गोळ्या काढून देत, आणि अख्खी गल्ली त्यांना त्याबद्दल मान देई. वल्लरीने त्यांना तीनदा समजावलं होतं की अर्धवट औषधाने जंतू शहाणे होतात. तिसऱ्यांदा त्यांनी डबा वरच्या फळीवर हलवला, जिथे तिचा हात सहज पोचत नसे.

संस्थेत वल्लरीचे मार्गदर्शक होते डॉ. नंदकिशोर पारीक. मोठ्या मनाचे आणि घाईच्या स्वभावाचे. त्यांनीच सरकारी अनुदानातून ते लेसरचं यंत्र मिळवलं होतं. यंत्राच्या खोलीला एसी होता, कारण यंत्राला उकडलेलं चालत नसे. जंतू वाढवण्यासाठी मात्र शेजारची जुनी भांडारखोली साफ करून दिली होती. तिला एक खिडकी, एक कूलर आणि वल्लरी. कुकरमध्ये नळ्या उकळणं, काच धुणं, किल्ल्या सांभाळणं हे सगळं मनोहरजी बघत. ते तीस वर्षं प्रयोगशाळांमध्येच काम करत आले होते, आणि त्यांनी धुतलेल्या काचेत तोंड बघून भांग पाडता येत असे.

हिवाळाभर वल्लरीने औषध टाकून फक्त पहिल्या दोन तासांतल्या नोंदी घेतल्या. त्यांतून फारसं काही निघालं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला पारीक सर म्हणाले, जंतूंना औषधात दोन दिवस राहू दे, मग बघ. महिन्याच्या मध्यावर तिने तसं केलं आणि कागदावर दोन नवी शिखरं उभी राहिली. लहानसहान नाहीत. बाकीची डोंगररांग त्यांच्या पायाशी शेतातल्या बांधासारखी दिसत होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढताच आत.

"अप्पा, आज दोन नवीन पीक आलेत."

हिंदुरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "ज्वारी का गहू?"

"पीक मतलब शिखर, अप्पा."

"मग शिखर म्हण की. इथं राजस्थानात आधीच पाऊस नाही, त्यात पीक आलं म्हणतेस."

पण तिचा चेहरा बघून त्यांनी थट्टा आवरती घेतली आणि नीट विचारलं. तिने सांगितलं की अशी शिखरं एका रंगामुळे येतात. गाजरात असतो, लाल मिरचीत असतो, तसला तांबूस रंग. हिरव्या लेसरखाली तो इतका चमकतो की चिमूटभर असला तरी सगळ्यांवर कुरघोडी करतो. आणि तिच्या जंतूला, ई-कोलायला, हा रंग बनवताच येत नाही. तरी आला होता, आणि तोही फक्त औषध दिलेल्या नळ्यांमध्ये. साध्या नळ्यांमध्ये त्याचा मागमूस नव्हता. पारीक सरांचं म्हणणं होतं की औषधाचा मार सोसवेना म्हणून जंतू स्वतःच्या बचावासाठी रंग बनवायला लागला.

"मतलब तो लाल होतो," वल्लरी म्हणाली.

"रागाने?" हिंदुरावांनी विचारलं.

तारामतीबाई स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं की त्या जंतूने गाजर खाल्लं तरी कुठे. वल्लरी हसली. नंतर बरेच दिवस तिला वाटत राहिलं की तेव्हा हसायला नको होतं.

पारीक सरांनी तीन आठवड्यांत बरंच काही केलं. बंगळुरूच्या परिषदेला गोषवारा धाडला. संचालकांना सांगितलं. संचालकांनी पाहुण्यांना सांगितलं, आणि जूनच्या पहिल्या शुक्रवारी वल्लरीचं व्याख्यान ठेवलं. मनोहरजी तर कँटीनमध्ये 'हमारी खोज' असंच म्हणत. वल्लरीला सगळे वाटेत थांबवून अभिनंदन करत, आणि प्रत्येक अभिनंदनागणिक तिचं जेवण थोडं कमी होत गेलं.

कारण एक गोष्ट जुळत नव्हती. तिने तो प्रयोग अकरा वेळा केला होता. आठ वेळा शिखरं आली. तीन वेळा काहीच आलं नाही. औषध तेच, जंतू तेच, यंत्र तेच. सरांना तिने दोनदा सांगितलं. सर म्हणाले, जिवंत वस्तू आहे, तिची मर्जी असते, अकरात आठ म्हणजे पुष्कळ झालं. तिला ते पटत नव्हतं, पण पटत नाही म्हणण्यासाठी काही हातातही नव्हतं.

एका रविवारी सकाळी तिने पोहे तसेच ठेवले तेव्हा तारामतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. हिंदुरावांनी विचारलं, काय झालंय. तिने सांगितलं. त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सगळं ऐकून घेतलं आणि तिची वही मागितली.

"तुम्हाला त्यातलं काय समजणार, अप्पा?"

"मला गिरणीतलं काय समजत होतं? आगीचे दावे पंधरा वर्षं बघितले. आग कशाने लागते ते इंजिनियर सांगायचे. ती कधी लागते ते मी बघायचो."

वही दिली तर निदान ते भाजीवाल्याला सोडतील, एवढाच विचार करून तिने ती दिली. हिंदुरावांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखले. तारीख, वार, औषधाची मात्रा, खोलीचं तापमान, वीज गेली का, कोण हजर, आणि शेवटी शिखरं आली का. वल्लरीच्या वहीत कामाच्या नोंदींबरोबर समासात इतरही बरंच असे. 'आज लाइट दोनदा गेली.' 'चहा खराब.' 'मनोहरजी छुट्टी पर, आखा तीज, भांजी की शादी.' हिंदुरावांनी तेही एक अक्षर न गाळता उतरवलं. दुपारचं जेवण त्यांनी तिथेच मागवलं, जे घरात फक्त क्रिकेटच्या सामन्याला चालत असे.

चार वाजता त्यांनी तिला हाक मारली. तीन तारखांभोवती लाल पेन्सिलीने गोल केलेले होते. वीस एप्रिल, तेवीस एप्रिल, चौदा मे. त्या दिवशी सुरू केलेल्या तिन्ही प्रयोगांत शिखरं नव्हती. तिन्ही दिवशी मनोहरजी रजेवर होते. पहिल्या दोन वेळा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भाचीच्या लग्नासाठी, तिसऱ्यांदा डोळे दाखवायला. बाकी आठही दिवस ते हजर होते.

वल्लरीला राग आला. मनोहरजींनी तिच्या नळ्यांत काही मुद्दाम टाकावं, हे तिला ऐकूनही घ्यायचं नव्हतं. त्या माणसाने तीस वर्षांत एक काच फोडली नव्हती. तिने वही ओढून घेतली आणि सांगितलं की ही तुमची विमा कंपनी नाही, इथे लोक एकमेकांवर विश्वास ठेवतात.

हिंदुरावांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "मी माणसाबद्दल बोलतच नाहीये, वल्ली," ते म्हणाले. "दिवसाबद्दल बोलतोय. तो आला की काहीतरी होतं. तो नसला की होत नाही. काय होतं ते तू बघ. विचारू नकोस, विचारलं की माणूस आठवून सांगतो. नुसतं बघ."

ती रोज नऊला पोचत असे. सोमवारी ती साडेसातला स्कूटर काढून निघाली, आणि पूर्ण रस्ता स्वतःला सांगत गेली की आपण पाळत ठेवायला चाललो नाही.

भांडारखोलीचं दार उघडं होतं आणि आतून गार वारा येत होता. कूलर चालू होता. मनोहरजी बादलीने त्यात पाणी ओतत होते. तिला बघून ते दचकले आणि मग ओशाळल्यासारखे हसले, जणू एखाद्याचं वाढदिवसाचं सामान आधीच सापडावं. एप्रिलात गरमी वाढली तेव्हापासून ते रोज सातला येऊन कूलर लावत होते. पावणेनऊला बंद करत, कारण वाऱ्याने तिच्या स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हलते हे त्यांना ठाऊक होतं. ती यायच्या वेळेला खोली गार झालेली असे आणि कूलर गप्प. दीड महिना तिला वाटत होतं की त्या खोलीची उत्तरेची भिंतच थंड आहे.

"आपका चेहरा लाल हो जाता था," मनोहरजी म्हणाले. "हमसे देखा नहीं गया."

टेबलावर, कूलरच्या बरोबर तोंडासमोर, तिच्या नळ्यांचा रॅक होता. सकाळी उकळून निर्जंतुक केलेल्या नळ्या, कापसाचे बोळे सैल केलेले. त्या लवकर निवाव्यात म्हणून.

वल्लरीने आभार मानले. ते चहा आणायला गेल्यावर तिने कूलरची बाजूची जाळी काढली. पाण्याच्या कडेने, वाळ्याच्या ताट्यांच्या खालच्या टोकांना, गुलाबी बुळबुळीत थर साचला होता. हवामहालाच्या रंगाला जवळचा म्हणता येईल असा. तिने काडीने त्यातलं कणभर घेतलं, काचेवर लावलं आणि यंत्राखाली ठेवलं. एरवी तिला एका नोंदीला दोन-तीन मिनिटं लागत. इथे तीन सेकंद पुरले. दोन शिखरं उभी राहिली, त्याच जागी, तेवढीच उंच.

मग सगळंच ओळीने उलगडलं. हे कूलरमधले गुलाबी जंतू वाऱ्याबरोबर सगळ्याच नळ्यांत शिरत होते. साध्या नळ्यांत ई-कोलाय भराभर वाढत आणि त्या गर्दीत हे चार पाहुणे कुठल्या कुठे हरवत. औषधाच्या नळ्यांत ई-कोलाय मरत होते. या पाहुण्यांना मात्र त्या औषधाची फिकीर नव्हती. दोन दिवस मोकळं घर मिळालं की ते पाय पसरत. दोन तासांत त्यांना ते जमत नसे, म्हणून हिवाळ्यात काही दिसलं नव्हतं. हिवाळ्यात कूलरही नव्हता. आणि मनोहरजी रजेवर असले की नळ्या ती स्वतः उकळत असे आणि झाकण न उघडता कुकरमध्येच निवू देत असे. लाल कोणीच होत नव्हतं. जे आधीपासून गुलाबी होते, ते तेवढे उरत होते.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा हिंदुरावांनी अजिबात फुशारकी मारली नाही, आणि त्यामुळे तारामतीबाईंना जरा काळजीच वाटली. ते वरच्या फळीकडे बघत बसले.

"म्हणजे मी दोन गोळ्या घेतो," ते शेवटी म्हणाले, "तेव्हा मऊ जंतू मरतात आणि चिवटांना जागा करून देतो, असंच ना?"

त्यांनी खुर्ची ओढली, तीवर चढून फळीवरचा डबा काढला आणि यादी पुन्हा एकदा वाचली. "एवढी व्यवस्थित यादी वाया जाणार," एवढंच ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात शेजारच्या प्रभावतीबाई घसा धरून आल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदाच डॉक्टरकडे जायला सांगण्यात आलं, आणि त्या थोड्या दुखावल्या.

पारीक सरांना सांगणं अवघड होतं. त्यांनी ऐकलं, पाणी प्यायले, आणखी कोणाला माहीत आहे ते विचारलं. मग म्हणाले, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत का, थोडा कूलर आणि थोडी खोज? वल्लरीने नकारार्थी मान हलवली. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी मनोहरजींच्या चहाच्या वेळी सर एकटेच यंत्राच्या खोलीत दार लावून बसले होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाहीला गुलाबी डाग होता. त्यांनी स्वतः कूलरमधून नमुना काढला होता. तीनदा. व्याख्यान रद्द करायचं नाही, ते म्हणाले, सगळं आहे तसं सांगायचं, आणि गोषवाऱ्याचं ते स्वतः बघतील.

फक्त मनोहरजींना कोणी काही सांगितलं नाही. सरांना वाटलं वल्लरी सांगेल. वल्लरीला रोज वाटे, उद्या. कूलर दुरुस्तीला म्हणून काढून नेला, तेव्हा मनोहरजींनी तिच्यासाठी घरून एक टेबलफॅन आणून दिला. तो बघून तर तिने ते सांगणं आणखी पुढे ढकललं. तिने ठरवलं की व्याख्यानात कूलर म्हणायचं, कोणाचं नाव घ्यायचं नाही, आणि नंतर निवांत कधीतरी समजावायचं.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. हिंदुराव इस्त्रीचा सफारी घालून शेवटच्या रांगेत बसले. मनोहरजी मागे चहाच्या टेबलापाशी उभे होते. वल्लरीने आधी ती दोन शिखरं दाखवली. लोकांनी कौतुकाने बघितली. मग तिने कूलरच्या पाण्याची शिखरं त्यांवर ठेवली. एक हसू पुढच्या रांगेतून सुरू झालं आणि पूर्ण सभागृहात पसरून संपलं. संचालकांना हसू आलं नाही. त्यांचं पाहुण्यांना सांगून झालं होतं. त्यांनी विचारलं की निर्जंतुक नळ्या कूलरसमोर ठेवायची बुद्धी झाली कोणाला.

"मला, सर," वल्लरी म्हणाली. "नळ्या माझ्या होत्या."

मागून कपबश्यांचा आवाज थांबला. मनोहरजी टेबलामागून पुढे आले.

"मैंने रखी थीं, साहब. गरम थीं."

ते एवढंच बोलले आणि सरळ उभे राहिले. मग पारीक सर उठले. म्हणाले, ती खोली माझी आहे. तिथे काय कुठे ठेवायचं ते मी कोणालाच कधी सांगितलं नाही, मनोहरजींनाही नाही आणि वल्लरीलाही नाही, मी गोषवारा लिहिण्यात होतो. संचालकांनी घड्याळ बघितलं आणि चहा घेऊ या म्हणाले. चहा मनोहरजींनीच दिला, एक थेंब बशीत न सांडता. वल्लरीचा कपही दिला. तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

पुढचे आठ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. काम सगळं चोख. नळ्या उकळलेल्या, कुकर बंद, किल्ली खिळ्याला. 'मॅडम' म्हणत, जे त्यांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं. वल्लरीला वाटलं की चारचौघांत त्यांची चूक बाहेर आली म्हणून ते दुखावलेत. तिने घरी तसं सांगितलं. हिंदुराव व्याख्यानाच्या दिवशी चहाच्या वेळी मनोहरजींशेजारी बराच वेळ उभे होते. ते काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, तिलाच जाऊन विचार म्हणाले.

नवव्या दिवशी तिने विचारलं. मनोहरजी काच पुसत होते. पुसणं थांबवलं नाही.

"गलती हुई, तो मेरी हुई," ते म्हणाले. "आपने सबके सामने अपने नाम कर ली. तीस साल में मेरा किया हुआ काम किसी ने अपने नाम नहीं लिखा, बिटिया. आप पहली हैं."

वल्लरी तिथेच स्टुलावर बसली. तिने त्यांना वाचवलं असं तिला वाटत होतं. त्यांना मोठ्या माणसासारखं वागवायचं राहून गेलं होतं. सोमवारी सकाळीच, कूलरची जाळी काढल्या काढल्या, त्यांना बोलावून दाखवायला हवं होतं. तिने माफी मागितली, हिंदीत, आणि मग का कोण जाणे मराठीतही मागितली. मनोहरजींनी दोन्ही ऐकून घेतल्या. मग त्यांनी विचारलं की ते गुलाबी किडे दिसतात तरी कसे, कारण दीड महिना पाळूनही त्यांनी ते बघितले नव्हते. तिने यंत्राच्या सूक्ष्मदर्शकातून दाखवले. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"तंदुरुस्त हैं," ते म्हणाले.

तो उन्हाळा वल्लरीने टेबलफॅनपुढे नव्हे तर टेबलफॅनशेजारी काढला, तोही बंद ठेवून. प्रबंध आठ महिने पुढे गेला. बंगळुरूचा गोषवारा सरांनी मागे घेतला. त्या पत्राचा मसुदा त्यांनी चार वेळा लिहिला आणि पाचव्यांदा तिच्याकडून लिहून घेतला. दोन दिवसांचे प्रयोग तिने सोडले आणि पुन्हा पहिल्या दोन तासांकडे वळली, जिथे हिवाळ्यात काही सापडलं नव्हतं. यावेळी तिने दर पाच मिनिटांनी नोंद घेतली. वीस वेळा केलं. मनोहरजी हजर असताना, रजेवर असताना, वीज गेल्यावर, आल्यावर.

ऑक्टोबरात एका रविवारी तिने दोन कागद घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक औषधाआधीचा, एक औषधानंतर चाळीस मिनिटांचा. जंतू अजून जिवंत होते, पण त्यांच्या आत काहीतरी सुरू झालं होतं. विसांपैकी वीस वेळा.

हिंदुरावांनी चष्मा लावला. मग तो काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांना दोन्ही कागद सारखेच दिसत होते, आणि तसं म्हणण्याची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी विचारलं की नक्की कुठे बघायचं. वल्लरी म्हणाली, तुम्हीच शोधा. त्यांनी पट्टी आणली.

तारामतीबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान तिरकी करून एकदा या कागदाकडे, एकदा त्या कागदाकडे बघितलं.

"ही टेकडी बसलीय जरा," त्या म्हणाल्या आणि देठाच्या टोकाने डीएनएच्या उंचवट्यावर बोट ठेवल्यासारखं केलं.

"कुठे?" हिंदुराव म्हणाले.

"अहो, ही. तीन नंबरची."

तीच होती. वल्लरी आईकडे बघत राहिली. तारामतीबाई पुन्हा कोथिंबिरीकडे वळल्या. हिंदुराव दोन्ही कागद घेऊन खिडकीपाशी गेले, एकावर एक धरून उजेडात बघू लागले, आणि जेवायला या म्हणून तीन हाका मारल्या तरी ते तिथून हलले नाहीत.